शेवटच्या पानावरची वेणी

भाऊ विकासनं पुण्याहून आणलेलं जपानी चित्रकथेचं इंग्रजीतलं पुस्तक शितलनं तांड्यावर बसून डाव्या हातानं पानं उलटत वाचलं. उजवा हात मागच्या सुगीत सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला होता. इंग्रजी जेमतेम येत होतं, म्हणून चित्रांवरनंच गोष्ट लावली. पोरगी आधी नुसतं लोखंड असते. मग एकेक अवयव माणसाचा होत जातो आणि शेवटच्या पानावर ती दोन्ही हातांनी वेणी घालते.

फोनवर या पुस्तकाच्या वाचकांच्या ग्रुपवर मात्र सगळ्यांचं रडगाणं चाललेलं. ‘शेवट लय जड गेला.’ ‘इतका वाईट शेवट नको होता.’

शितलचं डोकंच फिरलं. या शहाण्यांनी पुस्तक उघडलं तरी होतं का? तिनं रागारागात लिहिलं, ‘शेवटी तिला हात परत भेटतात. इतकं बी दिसून न्हाई राहिलं का तुमाला?’

आधी हसणाऱ्या तोंडांची रांग आली. मग कुणीतरी समजुतीनं लिहिलं, ‘ताई, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. तुम्ही उलटं वाचलंत.’

शितलनं पुस्तक फिरवलं. पहिल्याच पानावर पोरगी वेणी घालत होती.

तेवढ्यात आई फणी घेऊन आली. “तिकडं तोंड कर, वेणी घालून देते.”

शितल पाठमोरी बसली. पान तिनं उलटलं न्हाई. पुढचं तिला ठाऊक होतं.