वातीचा कापूस

"बंद कर बापा, बंद कर!" मागच्या सीटवरून रुखमाबाई ओरडली आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून खोकत सुटली.

डोमाजीने इंजिन बंद केलं. वणीच्या अब्दुल गनीच्या गॅरेजात तो मिस्त्री होता आणि ही मोटार गनीचाचाचीच, लढाईच्या आधीची. पिस्टनच्या रिंगा पार झिजलेल्या. इंजिनच्या पोटातला तेलकट धूर नळीवाटे कार्बोरेटरमध्ये शिरायचा, प्लग काळे व्हायचे आणि गाडी धापा टाकायची. नळी काढून खाली सोडावी तर तोच धूर पायाखालच्या फळ्यांतून वर यायचा. धडधाकट माणूस नाक दाबून बसला असता. पण त्याच्या मायला, रुखमाबाईला, दमा होता.

सन छप्पन्नचा दसरा दोन दिवसांवर आला होता. नागपूरला बाबासाहेब धम्मदीक्षा देणार होते आणि मोहल्ल्यातली माणसं गठुडी बांधून निघालीही होती. रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत माय गुदमरेल हे डोमाजीला दिसत होतं. गनीचाचाने आपणहून गाडीची किल्ली काढून दिली होती.

"मले काही नाही पायजे," रुखमाबाई म्हणायची. "एकडाव या डोयानं त्यायले पाहाचं हाय. मंग मरण आलं तं आलं."

डोमाजीने तोड काढली. तुपाचा रिकामा डबा घेतला, त्याला डाख देऊन दोन तोट्या जोडल्या आणि तो नळीच्या मध्ये बसवला. आत नारळाचा काथ्या. धूर डब्यात शिरावा, तेल काथ्याला चिकटून तळाशी निथळावं आणि नुसती हवा पुढे जावी, असा हिशेब. निम्मा धूर कमी झाला. पण वास राहिलाच, आणि माय खोकलीच.

रुखमाबाई उतरून चालत घरी गेली आणि परडी घेऊन आली. परडीत सरकी काढून, पिंजून ठेवलेला पांढराशुभ्र कापूस होता. दरवर्षी नवरात्रात देवीपुढच्या वाती ती याच कापसाच्या वळत असे. तिच्या हातची वात विझत नाही, असं बाया म्हणत.

"हे घाल त्यात. काथ्यानं काय होते? कापूस सारं पिऊन घेते."

शेजारची इंदूबाई त्यांच्यासोबत येणार होती. ती दचकलीच. "अवं मावशे, वातीचा कापूस हाय तो! देवीचा."

"परवा देवी सोडाची हाय ना वं? मंग वाती कोणाले लावतं?" रुखमाबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, पण परडी तिने इंदूबाईकडे न बघताच पुढे केली.

गनीचाचाने लांबूनच मान हलवली. "डोमा, कापूस तेल पीके फूलता है. इंजनाले श्वास घेऊ दे बापा."

डोमाजीला हे ठाऊक का नव्हतं? बारा वर्षं त्याने इंजिनं उघडली होती. पण जन्मभर देवीला भ्यालेली माय आज पहिल्यांदा देवीच्या वाटणीचं काही उचलून देत होती. त्याला नाही म्हणवलं नाही. त्याने काथ्या काढला आणि डबा कापसाने भरला. तिला ठसका लागू नये म्हणून अंगठ्याने दाबून दाबून भरला.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी गाडी निघाली. आत धुराचा वाससुद्धा नव्हता. पांढऱ्या लुगड्यातली रुखमाबाई खिडकीशी बसून रस्त्याने जाणाऱ्या लोकांना हात करत होती. आयुष्यात ती मोटारीने पहिल्यांदाच गावाबाहेर पडली होती आणि दमा जणू घरीच विसरून आली होती.

वरोरा मागे पडलं आणि इंजिनात ठोका सुरू झाला. दोन मैलांवर गाडी थांबली ती थांबलीच. डोमाजीने बॉनेट उघडलं आणि डबा उघडला. कापूस भिजून काळा, ढेकळासारखा घट्ट झाला होता. वाट बंद झाल्यावर कोंडलेल्या हवेने मागच्या सीलातून सारं तेल बाहेर ढकललं होतं. रस्त्यावर लांबवर काळी रेघ दिसत होती. बेअरिंग जळून गेली होती.

"काय झालं रे?" मायने विचारलं.

इंदूबाई त्याच्या हाताकडे पाहत होती. कापसाचं नाव काढलं की देवी कोपली असंच ती म्हणणार, हे त्याला कळलं. त्याने तो गोळा झुडपात फेकला.

"बेअरिंग गेली माय. गाडी जुनी हाय."

माणसांनी भरलेला एक ट्रक थांबला. इंदूबाईला लोकांनी वर ओढून घेतलं. रुखमाबाई चाकावर पाय ठेवेपर्यंतच धापा टाकू लागली. ट्रकच्या धुळीने दमा उसळला होता. "तू जाय डोमा. त्यायले माह्या वाटचं पाहून ये," ती हातानेच सांगत होती. तो गेला नाही. तो दसरा मायलेकांनी रस्त्यालगतच्या एका खेड्यात, परक्यांच्या ओसरीवर काढला.

दीक्षा पुढे मोहल्ल्यातच झाली. बाबासाहेबांना पुन्हा कधीतरी पाहू, असं डोमाजी मायला सांगत होता. डिसेंबरात ते गेल्याची बातमी आली. रुखमाबाई दोन दिवस जेवली नाही. डोमाजीने तो डबा ठोकून चपटा केला आणि भंगारात टाकला, पण त्याने काही हलकं झालं नाही.

पुढे देव सोडायला भिणाऱ्या बायांना रुखमाबाई मोठ्या तोऱ्यात सांगे, "म्या देवीचा कापूस इंजनात घातला. काय वाकडं झालं? गाडी जुनी होती, म्हणून पडली. इचारा डोमाले." आणि डोमाजी मान हलवी.

बासष्टच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी त्याचं मनगट धरून म्हणाली, "डोमा, कापसानंच झालं ना रे? म्या पाह्यलं होतं, तू झुडपात फेकला तं."

आता खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "हो माय. पण देवीचं काही नाही. माही चूक झाली. दाबून भरला तं हवा अडते, हे मले मालूम होतं. गनीचाचानंही सांगतलं होतं. तरी म्या भरला."

रुखमाबाईने त्याचं मनगट सोडलं.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? मले वाटे, तिनंच केलं. म्या कापूस देल्ला म्हणून तिनं मले बाबासायबाले पाहू नाही देल्लं. बायायले सांगो का देवी काही करत नाही, अन् घरी येऊन भेत होती. सहा वर्सं, डोमा. तुही चूक व्हय म्हणून सांगतलं असतं तं दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती."

"आता दे माय."

तिने तोंड उघडलं, पण दम पुरला नाही. नुसता हात उचलून तिने त्याच्या गालावर हलकेच एक चापट मारली आणि हात तिथेच राहू दिला.