कंधारची गाडी

चूक माझीच. मला चेष्टेची खोड आहे आणि ती कुठं थांबवावी हे कळत नाही.

जरमीना माझी होस्टेलमधली रूममेट. अफगाणिस्तानातून नांदेडला शिकायला आलेली, गाव कंदहार. चार वर्षांत ती एकदाही घरी गेली नव्हती. तिकडे मुलींची कॉलेजं बंद, त्यामुळे एकदा गेली की परत येता येईल याचा भरवसा नाही. मी निलंग्याची. दर महिन्याला घरी पळते, तरी परतताना एसटीत डोळे पुसते. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तुझं गाव इथून दीड तासावर आहे, असं मी तिला म्हटलं आणि रविवारी सकाळी स्टँडवर नेऊन गाडीची पाटी वाचायला लावली. तिनं अक्षरं जुळवली. कंधार, आमच्या नांदेड जिल्ह्यातलं, किल्ल्याचं. ती इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. आईला वाचता येत नाही, म्हणून गाडीत बसल्यावर तिनं आवाजातच निरोप पाठवला. काय सांगितलंस, मी विचारलं. म्हणाली, कंदहारच्या गाडीत बसलेय एवढंच. संध्याकाळी किल्ल्याचे फोटो दाखवून हसवीन. आम्हा दोन शहाण्यांना तेव्हा काहीच खटकलं नाही.

किल्ला पाहताना ती खूश होती. दरवाजा, बुरूज, खंदक हे शब्द तिला सांगावेच लागले नाहीत, तिच्याकडंही तेच. वेशीपाशी सुमनबाई नावाच्या मावशी टोपलीत सीताफळं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गाव विचारलं. जरमीना कंदहार म्हणाली.

"मंग आमच्याच गावची की," असं म्हणून मावशींनी एक सीताफळ फोडून तिच्या हातात ठेवलं. कंदहार नावाचं दुसरं गाव असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही.

तटावर चढल्यावर फोनला रेंज आली. एकामागून एक आठ निरोप. पहिल्यात बायकांचा नुसता गलका. जरमीना ऐकत गेली, तसा तिचा चेहरा उतरत गेला. मग तिनं मला सांगितलं. आईला वाटलं होतं, पोरगी कुणाला न सांगता विमानानं काबूलला उतरली आणि आता घराकडच्या गाडीत बसली. तिनं गाद्या उन्हात टाकल्या होत्या, पीठ मळून ठेवलं होतं. धाकटा भाऊ सकाळपासून स्टँडवर उभा होता.

लगेच फोन लाव, मी म्हटलं. ती म्हणाली, थोडा वेळ थांबू, अजून थोडा वेळ आईला खूश राहू दे. मग खंदकाच्या पाण्याकडे बघत बसली. मी शेजारी बसले होते, पण तिथं ती एकटीच होती. मला माझ्या जिभेचा मनापासून राग आला. सीताफळ तिच्या हातात तसंच होतं.

उतरताना ती सुमनबाईंना आपल्या मोजक्या मराठीत "जाते" म्हणाली.

"जाते म्हनू न्हाई बाई. येते म्हनावं," मावशी म्हणाल्या. "जानाऱ्यानं येतेच म्हनावं लागतं."

का, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडं तशी रीतच आहे.

परतीच्या गाडीसाठी थांबलो तेव्हा तिनं फोन लावला. मला भाषा कळत नव्हती, पण कंदहार हा शब्द तीनचारदा आला. आईला समजलं असावं. जरमीना नुसतीच मान हलवत होती. शेवटी तिनं एकच लहानसा शब्द उच्चारला, पलीकडचं काहीतरी ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणालीस?"

"तुमच्यासारखं," ती म्हणाली. "येते."

"आणि आई?"

पाटी लावलेली नांदेडची गाडी समोर येऊन थांबली. जरमीना उठली नाही.

"तिच्याकडं तशी रीत नाही ना," ती म्हणाली. "तिनं विचारलं, कधी?"