टिकलेली लिंक

तिच्या साहेबांना ऑफिसात सगळे पाठीमागे 'पहिलं पान' म्हणायचे. समोर येऊन बसलेला माणूस चपलांचा व्यापारी असो नाहीतर दातांचा डॉक्टर, साहेब खुर्ची पुढे ओढून सुरुवात एकाच वाक्याने करायचे, "तुम्हाला पहिल्या पानावर आणतो." इंटरनेटवर काही शोधताना लोक दुसरं पान उघडायचे कष्ट घेत नाहीत, एवढं एक खरं वाक्य या गृहस्थांना कुठूनतरी सापडलं होतं आणि त्याच्या जिवावर त्यांनी काचेच्या भिंतींचं ऑफिस थाटलं होतं.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र शुद्ध थाप होती. ऑनलाइन ज्ञानकोशात, जिथे लोक फुकटात बसून जगाची माहिती लिहितात, तिथे तुमच्या दुकानाची एक लिंक चिकटवली की शोधयंत्र तुम्हाला उचलून थेट वर बसवतं, असं ते सांगायचे. ऐकणाऱ्याचे डोळे चमकायचे. एवढा मोठा कोश आपल्या गाद्यांच्या दुकानाकडे बोट दाखवणार म्हटल्यावर कुणाचे चमकणार नाहीत?

नोकरीला लागली तेव्हा तिने साहेबांना समजावून पाहिलं होतं. तो कोश बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकवर एक खूण करून ठेवतो. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, शोधयंत्राला दिसते. ही लिंक आमची शिफारस धरू नये, एवढाच तिचा अर्थ. फार तर एखादा वाचक तिच्यावर बोट ठेवून दुकानापर्यंत येईल, पण नंबर वर चढेल ही आशा सोडावी. साहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, ती खूण गिऱ्हाइकाला दिसते का?"

ती म्हणाली, नाही.

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

अशा माणसाच्या हाताखाली टिकायचं तर त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर त्याला मनातल्या मनात तुच्छ लेखावं लागतं. तिने दुसरा मार्ग पत्करला होता. रोज सकाळी ती लिंका चिकटवायची आणि चिकटवताना साहेबांची अक्कल काढायची. आपले हात त्यामुळे स्वच्छ राहतात, अशी तिची समजूत होती. शहाणी माणसंही स्वतःबद्दल काय काय समज करून घेतात, त्याला सुमार नाही.

लिंका मात्र टिकत नसत. कोशात केर काढणारी माणसं होती, तीही फुकटातली, आणि दुपारपर्यंत सगळं साफ करायची. त्यातला सगळ्यात कजाग माणूस तिच्याच घरी राहत होता.

तिचे सासरे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती त्यांनी. निवृत्त झाल्यावर तपासायला कागद उरले नाहीत, म्हणून त्यांनी जगच तपासायला घेतलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांची उंच पाठीची जुनी खुर्ची होती. सकाळचा चहा झाला की ते कानाचं मशीन लावायचे, मांडीवर लॅपटॉप घ्यायचे आणि मागे डोकं टेकून वाचायला लागायचे. डोकं टेकलं की मशीन शिट्टी मारायचं. ते चमकून डोकं उचलायचे, शिट्टी थांबायची. वाचनाच्या नादात पुन्हा टेकायचे, पुन्हा शिट्टी. स्वयंपाकघरात शिट्टी ऐकू आली की तिला कळायचं, आज कुणाची तरी गठडी वळली गेली.

जेवताना ते त्याचा वृत्तान्त द्यायचे. पाठदुखीच्या लेखात कुणी गाद्यांचं दुकान घुसडलं होतं, दिलं हाकलून. ही माणसं म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर रात्रीतून पोस्टर चिकटवून पळणारी जमात, असं त्यांचं ठाम मत होतं. गाद्यांचं दुकान घुसडणारी सून समोर बसून त्यांना वाढत असायची आणि "हो का?" म्हणायची. नवऱ्याला खरं काम ठाऊक होतं, पण वडिलांपुढे तोंड उघडायचं धाडस त्या पठ्ठ्यात लग्नाआधीही नव्हतं. घरात सांगितलं होतं एवढंच, की ती मजकूर लिहिते. सासऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि शेजारीपाजारी सांगून ठेवलं, आमची सूनबाई लेखिका आहे.

तिला ते हवं होतं. माहेरी कधी कुणी तिच्या लिहिण्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हा कडक म्हातारा तिच्या साध्या निरोपाच्या चिठ्ठीलाही म्हणायचा, वाक्य नेटकं आहे. आणि चांगलं म्हणणं हे त्याच्याकडून स्वस्तात मिळत नसे. कुणाचं बोलणं पटेनासं झालं की ते वाद घालत नसत. शांतपणे मशीन काढून डबीत ठेवत. विमा एजंटापासून सख्ख्या थोरल्या भावापर्यंत अनेकांनी त्या डबीचं झाकण लागताना ऐकलं होतं. सुनेवर ती वेळ कधी आली नव्हती, आणि येऊ नये म्हणूनच ती इतकं जपत होती.

मग ऑफिसात कानाच्या मशीनचा दुकानदार आला. पैसे आगाऊ मोजून देणारा आणि रोज फोन करणारा, म्हणजे दोन्ही बाजूंनी तापदायक. त्याची लिंक सकाळी लागायची, दुपारी उडायची. शेवटी साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावून सांगितलं, की ही लिंक टिकली नाही तर त्यांना नवं माणूस बघावं लागेल.

लिंक कुणाच्या हातून उडते ते तिला पक्कं ठाऊक होतं. कोशातला कानाच्या मशीनवरचा लेख सासऱ्यांनीच वाढवला होता, पोटच्या पोरासारखा. त्यांना फसवायचा एकच रस्ता होता: फसवायचं नाही. त्या लेखात एका परदेशी संस्थेचा संदर्भ होता, तिचं पान केव्हाच बंद पडलं होतं. त्या मोडक्या लिंकच्या जागी तितकंच चांगलं, तितकंच खरं पान दिलं, तर तो उपकारच ठरला असता.

म्हणून तिने दुकानाच्या साइटसाठी पान लिहिलं. मशीन शिट्टी का मारतं, कानात बसणारा साचा सैल झाला की आवाज कसा बाहेर गळतो आणि पुन्हा आत शिरतो, मळ कसा काढायचा, दमट हवेत रात्री मशीन कुठे ठेवायचं. पुस्तकं चाळली, दुकानातल्या तंत्रज्ञाला पिडलं, पण निम्म्याहून जास्त तिने घरात बघून लिहिलं. इतक्या वर्षांत ते मशीन तिने सासऱ्यांइतकंच ऐकलं होतं. दुकानाचं नाव तळाशी, बारीक अक्षरात. लिहिताना ती ऑफिसात आहे हे विसरली. त्या ऑफिसात असं कधी कुणाचं झालं नव्हतं. मग एक कोरं खातं उघडून तिने मोडक्या लिंकच्या जागी ते पान जोडून दिलं.

दुसऱ्या सकाळी शिट्टी वाजली, थांबली आणि बराच वेळ वाजलीच नाही. तिने गॅस बारीक केला.

"सूनबाई, इकडे ये," सासऱ्यांनी हाक मारली. "हे वाच. त्या उकिरड्यात आज एक माणूस सापडला."

तिने स्वतःचंच पान त्यांच्या खांद्यावरून वाचलं. ते म्हणाले, असं लिहिता आलं पाहिजे, एक शब्द फुगवलेला नाही. त्या अनोळखी संपादकाला त्यांनी आभाराचा निरोपही धाडला. तो निरोप ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिने उघडला आणि दिवसभर बंद केला नाही. तिला आनंद झाला होता आणि स्वतःची किळस आली होती, आणि या दोन्हींत आनंद जास्त होता, हे कबूल करायला हवं.

महिन्याभरात ते पान वर चढलं. मशीन शिट्टी का मारतं असं कुणीही विचारलं, की शोधयंत्र तेच पुढे करायचं. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. ज्ञानकोशाची एक लिंक काय करते बघा, म्हणाले. ती म्हणाली, सर, पान चांगलं आहे म्हणून वर गेलं, लोक येतात आणि शेवटपर्यंत वाचतात, दुसऱ्या साइटवाले आपणहून त्याचा दाखला देतात. साहेब तिच्याकडे कौतुकाने बघून हसले. लेखकांना असंच वाटतं, म्हणाले.

आणि मग या महापुरुषाने आपल्या कर्तृत्वाला शोभेल असं काम केलं. आभार मिळालेलं खातं म्हणजे वशिल्याचं खातं, असा त्यांनी हिशेब केला. ती दुपारी जेवायला गेली असताना तिच्या टेबलाशी बसून त्याच खात्यातून त्यांनी ऑफिसातली झाडून सगळी गिऱ्हाइकं कोशात ओतली. सुटलेली पोटं आत नेणारा पट्टा हृदयाच्या लेखात, फरशीवाला भूकंपाच्या लेखात. टकलावर केस उगवणारा दवाखाना त्यांनी कानाच्या मशीनच्या लेखात घातला. कान आणि केस एकाच डोक्यावर असतात, एवढाच संबंध त्यांना दिसला असावा.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासरे खुर्चीत होते, पण डोकं टेकलेलं नव्हतं. ताठ बसून ते तिचं पान पुन्हा वाचत होते. एका खात्याने घाण केली की त्याचं जुनं कामही तपासायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

"'उंच पाठीच्या खुर्चीत मागे डोकं टेकून वाचायची सवय असेल, तर मशीन डॉक्टरकडे नेण्याआधी खुर्ची बदलून पाहा.'" त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "ही खुर्ची कुणाची आहे?"

तिला खोटं सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं खरं लिहिलं होतं आणि त्यानेच तिला पकडून दिलं.

"तुमची, बाबा."

"आणि गाद्यांचं दुकान?"

"मीच."

"मी रोज जेवताना ज्यांना शिव्या घालत होतो, त्यांच्यातलीच एक होऊन तू मला वाढत होतीस?"

ती बोलायला लागली. आजचं काम साहेबांचं आहे, तिचं नाही. पान खरं आहे, त्यातली ओळ न् ओळ खरी आहे. आणि या लिंकांनी तसाही कुणाचा काही फायदा होत नाही, शोधयंत्र त्या मोजतच नाही. शेवटचं वाक्य बोलताना तिलाच ऐकू आलं, की हे किती केविलवाणं आहे. फायदा नव्हता तरी रोज सकाळी करत होतीस, एवढाच त्याचा अर्थ होत होता. सासऱ्यांनी कानाकडे हात नेला, मशीन काढलं आणि डबीत ठेवलं. झाकण लागल्याचा आवाज झाला. ती अर्ध्या वाक्यात थांबली.

त्यांनी तिची लिंक काढून टाकली आणि ते खातं कायमचं बंद करवलं. त्यानंतर ती घरात आली की डबीचं झाकण वाजायचं. नवरा म्हणाला, होईल शांत. त्याने एवढं म्हटलं हेच नशीब.

ऑफिसात तिने वाट पाहिली. लिंक गेली होती, आता पान घसरायला हवं होतं. साहेबांच्या सिद्धान्ताप्रमाणे ते कोसळायलाच हवं होतं. आठवडे गेले आणि पान जागचं हललं नाही. कोशाच्या टेकूशिवाय ते पहिल्या पानावर पहिलं उभं होतं. लोक येत होते, वाचत होते, मशीनची शिट्टी थांबवून जात होते. तिचं म्हणणं सिद्ध झालं होतं, आणि त्यासाठी किंमत तिनेच मोजली होती.

ती तो आलेख घेऊन काचेच्या खोलीत गेली. साहेबांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा केला. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मॅडम, लिंक काढली तरी असर राहतो," ते म्हणाले. "हे गिऱ्हाइकाला सांगता येईल."

तिने त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला ती इतके दिवस तुच्छ मानत आली होती आणि त्या तुच्छतेच्या बदल्यात त्याचं प्रत्येक काम निमूटपणे करत आली होती. त्याला निदान आपल्या थापेवर विश्वास तरी होता. तिचा कशावरच नव्हता, आणि त्याचाच तिला एवढा तोरा होता. तिने ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. ते आलेखच बघत होते.

रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. नोकरी सोडली हे आधी सांगायचं. मग सांगायचं, की पान लिंकेशिवाय उभं आहे, म्हणजे तुम्ही ज्याला चांगलं म्हणालात ते खरोखर चांगलं होतं, बाबा. कितीही रागावले तरी मुद्रितं तपासणारा माणूस एवढं नाकारणार नाही.

दार उघडंच होतं. सासरे खुर्चीत फोनवर बोलत होते, मशीन कानात होतं. पलीकडे त्यांचा छापखान्यातला जुना सोबती असावा, त्यालाही नुकतंच मशीन लागलं होतं. ती उंबऱ्यातच थांबली.

"शिट्टी ना? अरे, एक पान आहे, ते वाच," ते सांगत होते. "शोधलंस की पहिलंच येतं. त्याच्याइतकं नीट कुणी लिहिलेलं नाही. मी म्हणतो म्हणजे बघ."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सासऱ्यांनी मान वळवली. ती त्यांना दिसली, पूर्ण दिसली, आणि त्यांनी नजर हलवली नाही.

"कुणी लिहिलंय?" ते फोनमध्ये म्हणाले. "कुणास ठाऊक. आमच्या ओळखीतलं कुणी नाही."