नाव काय घालू?

झुकिस्वानं संगणकाच्या पाठीवरचं कचेरीचं स्टिकर नखानं खरवडून काढलं, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. आतला पंखा घुर्रकन फिरला. खाटेखाली बसलेली कोंबडी तेवढ्यावरून ओरडत अंगणात पळाली.

"हळू गं बाई! भिंती हादरवतेस की काय," चटईवर पडलेली म्हातारी डोळे न उघडता म्हणाली.

तिची सून नोसाखेले यंत्राच्या जवळ सरकली. मथाथा शहरातल्या कचेरीत झाडलोट करताना तिनं याच यंत्रावरची धूळ वर्षानुवर्षं पुसली होती. बटणाला बोट लावायची मात्र सोय नव्हती. ती निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी जुना झालेला तो डबा तिच्या गळ्यात मारला, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. माहेरच्या नदीकाठी ऐकलेल्या गोष्टी तिला लिहून काढायच्या होत्या.

"आधीचं सगळं पुसलंय, काकू." झुकिस्वाचं शहरात दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. "आता सांगा, नाव काय घालू? रोज सुरू केलात की हा तुम्हाला नावानिशी नमस्कार करेल. काकांनी तरी कधी केला होता का?"

"नोसाखेले," म्हातारीनं परस्पर सांगून टाकलं.

झुकिस्वाची बोटं चालू लागली.

"थांब."

स्वतःचाच आवाज नोसाखेलेला परका वाटला. या घरात आली त्या दिवशी तिला घोंगडी पांघरून खाली बसवलं होतं आणि सासरच्यांनी नवं नाव ठेवलं होतं, सगळ्याच सुनांचं ठेवतात तसं. जुन्या नावानं या उंबऱ्याच्या आत तिला पुन्हा कुणी हाक मारली नाही. आता ते ओठांशी आलं होतं. सासूच्या देखत! पण गोष्टी माहेरच्या होत्या. त्या नोसाखेलेला कुठं ठाऊक होत्या?

"बुलेल्वा घाल," ती म्हणाली.

दारातून दुपारचं पिवळं ऊन आत आलं होतं, पलीकडच्या टेकड्या झोपेत असल्यासारख्या धूसर दिसत होत्या. म्हातारी काठीच्या आधारानं उठून बसली.

"कोण ही बुलेल्वा?"

"मी, आई."

"आम्ही दिलेलं नाव टोचायला लागलं वाटतं!"

"नाही हो. ते आहेच. मेल्यावर त्याच नावानं पुराल मला. या एवढ्याशा डब्यात तेवढं माझं राहू दे."

म्हातारी सरकत पडद्याजवळ आली. सुनेला वाटलं, आता काही खरं नाही.

"त्यात दोघींची नावं मावतात का गं?" म्हातारीनं झुकिस्वाला विचारलं.

"गावाची मावतील, आजी. तुमचं नोफुमझिले ना?"

"ते इथलं. ते नको." तिचे ओठ नुसते हलले, मग कुठं आवाज फुटला. "थोझामा."

"म्हणजे शांत, गरीब स्वभावाची?" झुकिस्वाला हसू आवरेना. "तुम्ही, आजी?"

"जन्मले तेव्हा होते. पुढं लग्न झालं."

पडद्यावर दोन नावं एकाखाली एक उमटली. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. आपलं कुठलं ते तिनं विचारून घेतलं, त्यावर बोट ठेवलं आणि सुनेकडं वळली.

"वाच की."

बुलेल्वानं डोक्याचा रुमाल कपाळावर ओढला. "सुनेनं सासूचं नाव कसं घ्यायचं, आई? पूर्वज काय म्हणतील?"

"पूर्वजांचं मी बघून घेईन. तुझं निदान बहिणींना तरी माहीत आहे. माझं घेणारी सगळी मातीत गेली गं."

"थोझामा," बुलेल्वा पुटपुटली.

"असं नव्हे. पाण्याला निघालेल्या मुली हाक मारतात, तशी."

तिनं श्वास भरून घेतला आणि दाराकडे तोंड करून साद घातली, "थोझामाऽ!"

"ओऽ, आले आले!" म्हातारी म्हणाली, आणि काठी न घेताच उठून उभी राहिली.