काजव्या बोलतो कसा

काजव्याचं कॉमिक निघतंय, हे तिला पुस्तकांच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या जाहिरातीवरून कळलं. कुणी सांगितलं नाही, आणि सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नसणार.

काजव्या म्हणजे कार्टून मालिकेतला दहा वर्षांचा पोरगा. अंधार पडला की त्याच्या अंगातून उजेड फुटायचा आणि तो संकटात सापडलेल्यांच्या मदतीला उडत जायचा. घराघरात तो पोचला होता. पण तो ज्या गळ्यातून बोलायचा तो गळा पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या, एकट्या राहणाऱ्या एका बाईचा आहे, हे फारसं कुणाच्या गावी नव्हतं. स्टुडिओत तिला सगळे काजवीणबाई म्हणायचे. मालिका बंद पडली तसं ते नावही बंद पडलं.

तिने घरी येऊन जुन्या दिग्दर्शकाला फोन लावला.

"काजव्याचं पुस्तक येतंय म्हणे."

"येतंय ना. पहिला अंक. मालिकेच्या पहिल्या भागावरूनच बेतलाय."

"मग माझं काही काम..."

"बाई, पुस्तकाला आवाज कुठे असतो?"

तो काही खवचटपणे बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता. तिने इकडचं तिकडचं विचारून फोन ठेवला. मग तोंडातून शब्द निघाला तो थेट दुसऱ्या दिवशी, दूधवाल्याशी.

अंक आला त्या दिवशी ती दुकानात गेली. चित्रकार आणि लेखक टेबलामागे बसून सह्या करत होते. रांगेत सगळी आईबापांची बोटं धरलेली पोरं, आणि त्यांच्यात ही एकटी बाई, हातात पिशवी घेऊन. पुढची एक चिमुरडी काजव्याची नक्कल करत होती. "घाबरू नका, उजेड माझ्याकडे आहे." 'उजेड'वर आवाज किंचित वर नेऊन. ती लकब हिचीच होती. एका सर्दीच्या दिवशी चुकून लागलेली, मग कायमची झालेली. हिने पोरीकडे पाहून हसून घेतलं. पोरीच्या आईने पोरीला जवळ ओढलं.

"कुणाच्या नावानं लिहू?" चित्रकाराने विचारलं.

मी कोण ते सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर करून दाखवा म्हणतील, आणि एवढ्या लोकांत तो आवाज लागला नाही तर? "अक्का," ती म्हणाली. "माझी बहीण."

त्याने लिहिलं, 'अक्काला, काजव्याकडून.'

अक्का तिच्याहून मोठी, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर कामाला. लहानपणी तापात तिचे कान गेले ते गेलेच. ती ओठ वाचायची आणि सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात थोडंफार बोलायची. लाँड्रीतल्या यंत्रांच्या धडधडीने बाकीच्यांची डोकी उठायची, अक्काला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मालिका नवी होती तेव्हा धाकटीचं कौतुक म्हणून अक्काने टीव्हीसमोर बसून पाहिली होती. दोन-चार भागांनंतर म्हणाली, "तो पोरगा नुसतं तोंड उघडतो नि मिटतो. काय बोलतो ते दिसत नाही." चित्रातल्या तोंडाला कुठले आले ओठ. पुढे अक्काने तो विषय काढला नाही, हिनेही नाही. येणंजाणं होतं, पण आपल्या कामाबद्दल बोलायचं नाही असं दोघींत न ठरवता ठरून गेलं होतं. धाकटी इतकी वर्षं काय करते, ते अक्काला धड ठाऊकच नव्हतं.

रविवारी अक्का आली. हिने अंक तिच्यापुढे ठेवला आणि कांदा चिरायला आत गेली. मध्येच डोकावून पाहिलं तर अक्का नाकावर चष्मा ओढून, बोलण्याच्या एकेका फुग्यातल्या अक्षरांखाली बोट फिरवत वाचत होती. जेवण झाकून ठेवावं लागलं.

अंक संपल्यावर अक्का म्हणाली, "हे सगळं तो बोलायचा?"

"हो."

"म्हणजे तू बोलायचीस."

"हो."

"विनोदी आहे की गं." अक्काने पहिलं पान उलटलं, मग शेवटचं. बारीक अक्षरांतली नावं बोटाने चाळली. लेखक, चित्रकार, रंग भरणारा, छापणारा. "तुझं नाव कुठेय?"

"माझं नाही. पुस्तकात माझं काम नसतं."

अक्काने पुलाखालच्या अंधारात अडकलेल्या माणसांचं पान उघडलं आणि सगळ्यात मोठ्या फुग्यावर बोट ठेवलं. "हे कसं म्हणायचीस? रागाने?"

"नाही. आतून घाबरलेला असतो तो. पण दाखवत नाही."

"म्हणून दाखव."

"अगं, तुला..."

"तोंड दिसतंय मला. म्हण."

ती उठून उभी राहिली. बसून तिने हे काम कधी केलंच नव्हतं. हनुवटी वर केली, पोट आत घेतलं आणि तो आवाज काढला. 'उजेड'पर्यंत आला आणि तिथे फाटला. बांबू चिरावा तसा. तिने खाकरून पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच फाटला. गळा बसला नव्हता, थकलाही नव्हता. म्हातारा झाला होता. हे तिला त्या क्षणी कळलं, आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळायची सोय नव्हती.

"छान," अक्का म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

"फाटला गं आवाज."

"मला काय कळतंय?" अक्का स्वतःवरच हसली आणि तिने पान उलटलं. "आता हे."

मग हिने सगळा अंक म्हणून दाखवला. काजव्या, त्याची आजी, पुलाखालची माणसं, खलनायकसुद्धा. आवाज जिथे जाईना तिथे भुवया नेल्या, हात नेले. अक्का ओठांवरची नजर काढत नव्हती. खालच्या मजल्यावरच्यांनी बहुधा कान टवकारले असतील. जेवायला बसल्या तेव्हा भात गार झाला होता, पण अक्काने तक्रार केली नाही.

निघताना अक्काने अंक पिशवीत घातला. "लाँड्रीतल्या बायकांना दाखवते. सांगते, हा माझ्या बहिणीचा."

"नाव नाही म्हणतील."

"म्हणू देत."

ती अक्काला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. बस आली, अक्का चढली, खिडकीतून एकदा हात हलवला आणि लगेच पिशवीत हात घालून चष्मा शोधू लागली. बस वळेपर्यंत ही उभी राहिली.

परतताना गल्लीत कुणी नाही असं पाहून तिने हळूच, ओठातल्या ओठात तो आवाज पुन्हा लावून पाहिला. लागला नाही. तेवढ्यात एका दारातून बाहेर पडलेल्या गृहस्थाने वळून पाहिलं. तिने खोकल्यासारखं केलं आणि चालत राहिली. घरी येऊन दोघींची ताटं घासली, ओटा पुसला आणि खिडकी लावून घेतली.