शकूची मंगळवारची फेरी

विश्वास ठेवणार नाहीस, कोणीच ठेवत नाही. पण असल्फाच्या या टेकडीवर मेलेल्या बाईला भर दुपारी पायऱ्या उतरताना पाहिलेला माणूस मी एकटाच. हसू नकोस, क्षमे. तुझ्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी दिसली म्हणून सांगतोय. मेडिकलला निघालीस ना?

"आईचे गुडघे हो, आजोबा. दिवसभर उभ्याने पोळ्या लाटते ती. लवकर सांगा काय ते."

बस इथे. माझी शकू जाऊन दोन वर्षं झाली, तरी दर मंगळवारी तीनच्या सुमाराला दाराची कडी वाजते. ती निघते. एकशे ऐंशी पायऱ्या, पण पाऊल कुठे टेकत नाही. उदबत्तीचा धूर सरकावा तशी जाते. खाली सहदेवच्या मेडिकलसमोर उभी राहते नि रिकामी पट्टी पुढे करते. "हीच दे रे." डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. सहदेव कशाला विचारेल? कंपनीवाला येऊन सांगून गेलाय, इतका माल खपवलास तर मिक्सर, त्याहून जास्त खपवलास तर बायकोपोरांसकट गोवा. काउंटरवर पुठ्ठ्याची एक आजी उभी केलीय त्यांनी, हसत जिना चढणारी. खाली लिहिलंय, 'दुखणं विसरा'. देवाशपथ, शकू समोर आली की त्या आजीचं हसू उतरतं. परवा तर ती पुठ्ठ्याची आजी मटकन चित्रातल्या पायरीवरच बसली! सहदेवने तिला परत उभी केली नि स्वतःचा घाम पुसला.

"काहीही हं, आजोबा!"

काहीही नाही. चार वर्षं खाल्ल्या शकूने त्या गोळ्या. आधी सकाळी एक, मग दोन्ही वेळा, मग दुखेल तेव्हा. पाय सुजले तर आम्ही म्हटलं, गुडघ्याचीच सूज, घे अजून एक. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला नि एवढंच विचारलं, "ही गोळी लिहून कोणी दिली?" दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

म्हणून म्हणतो, तुझ्या आईला, कुंदाला, आधी डॉक्टरकडे ने. ती पट्टी दे इकडे. शकूला किती बजावलं मी, नको जाऊ त्या दुकानात! ऐकेल तर ना. पदर खोचायची नि तरातरा उतरायची. अजून उतरते बघ...

क्षमाने पट्टी माझ्या हातावर ठेवली. ती आता हसत नव्हती.

"आजोबा, मी शेजारचीच ना? शकुआजी घरातसुद्धा भिंत धरून चालायची. शेवटची चार वर्षं ती स्वतःच्या पायांनी एक पायरीही उतरली नाही. मग खाली मेडिकलला कोण जायचं?"