फक्कीचे गोल

"पांढऱ्या फक्कीचे गोल काढलेत बाई, जणू लंगडी खेळायला बोलावलंय," दीपमाला मास्कच्या आतून पुटपुटली. "आणि भेळ ज्याची त्याच्या डब्यात! असल्या भेटण्यापरीस फोन काय वाईट होता?"

नियम प्रियदर्शनीचे होते. ती सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून लॉकडाऊनमध्ये कॉलेजं बंद पडून कुंडलला परतलेल्या या पाचजणांची डॉक्टरीण तीच. भेटायचं ते उघड्यावर, शिवतेजच्या मळ्यात. गोल सोडायचा नाही. गर्दीत जाऊन आला, त्यानं चौदा दिवस फिरकायचं नाही.

आज पाचवा, सूरजचा गोल रिकामा होता. त्याची आई, शालूबाई, काल इस्लामपूरच्या दवाखान्यात कोरोनानं वारली होती. भेळ चघळत सगळे दुसरंच बोलत होते.

तेवढ्यात बांधावरनं सूरज आला. हातात खोऱ्याचा दांडा. शिरला तो थेट जयराजच्या गोलात.

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. भेळ खाताना हनुवटीवर ओढलेला मास्क लालभडक झाला. जयराज कोसळला तसा सूरज त्याच्या छातीवर बसला.

"रहिमतपूरला हळदीत नाचलास, आणि चौथ्याच दिवशी माझ्या वाढदिवसाला जेवलास! आईनं हातानं वाढलं रं तुला!"

"गड्या, ऐक की..." जयराजनं रक्ताबरोबर दात थुंकला.

शिवतेज धावला आणि रेषेवर थबकला. सूरज खोकत होता. त्याला मिठी मारून आवरणार कोण?

"मारून टाकंल की त्यो!" दीपमाला किंचाळली.

प्रियदर्शनीला माहीत होतं. हळदीतला व्हिडिओ जयराजनं स्टेटसला ठेवला होता, आणि तो वाढदिवसाच्या आधीच सगळ्यांनी पाहिला होता. पण जेवायला येणाऱ्या दोस्ताला "येऊ नको" म्हणायचं कसं? ते तर पानावरनं उठवल्यासारखंच. हे आता बोलावं तर दांडा तिच्याकडं वळणार. न बोलावं तर जयराज जाणार.

दांडा पुन्हा वर गेला. तिनं धावत जाऊन तो दोन्ही हातांनी धरला. सूरजनं हिसडा दिला. ती दगडावर आपटली, भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं तरी ती उठली आणि पुन्हा दांड्याला लोंबकळली.

"मारायचं तर समद्यांस्नी मार! व्हिडिओ आमी समद्यांनी बघितला हुता. नियम माझे, आणि मीच गप बसले. पर सूरज, तूबी बघितला हुतास. आणि तरी त्याला 'जेवायला ये' म्हणून फोन तूच केलास."